निर्यातीची पहिली परीक्षा आपल्या औषधशाळेत व्हावी

हरिद्रेवाचून वैद्याचा एकही दिवस जात नाही. निशा-आमलकीपासून हरिद्राखंडापर्यंत आणि व्रणावरील लेपापासून उटण्यापर्यंत हे द्रव्य आपण नित्य योजतो. परंतु ती हळद कोणत्या शिवारात पिकली, कोणी शिजविली, कोठे वाळविली आणि किती हातांतून फिरून आपल्या औषधशाळेत आली, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? हा प्रश्न टीका म्हणून नव्हे, तर प्रस्तुत विषयाचे मूळच त्यात आहे म्हणून आरंभी मांडला आहे.

‘शेतकऱ्याने आता निर्यातीकडे वळावे’ असा उपदेश आज सर्व व्यासपीठांवरून ऐकू येतो. शेतकरी उत्पादक कंपन्या स्थापन होत आहेत, मेळावे भरत आहेत, योजना जाहीर होत आहेत. या साऱ्यात आपल्या व्यवसायाचा काही संबंध आहे असे आपल्याला सहसा वाटत नाही. निर्यात हे व्यापाऱ्याचे वा शासनाचे काम, आपले काम चिकित्सेचे, अशी आपली समजूत आहे. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. शेतकऱ्याला व लहान प्रक्रिया उद्योजकाला निर्यातक्षम करण्याचा आरंभ बंदरावर होत नाही, तो त्याच्या पहिल्या जाणत्या ग्राहकाच्या दारी होतो. आणि हळद, आवळा, शतावरी, अश्वगंधा, कोकम यांचा जाणता ग्राहक म्हणजे आपण, वैद्य व औषधशाळा.

आकडे काय सांगतात?

हळदीचेच उदाहरण घेऊ. जगातील एकूण उत्पादनाच्या ७० टक्क्यांहून अधिक हळद एकट्या भारतात पिकते. केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये देशात ३.२४ लाख हेक्टरांवर ११.६१ लाख टन हळद झाली. त्याच वर्षी १.५३४ लाख टन हळद व हळदीचे पदार्थ निर्यात झाले, त्यांचे मूल्य २०.७४५ कोटी डॉलर होते आणि निर्यातदारांची संख्या ३८० हून थोडी अधिक होती. साधा भागाकार केला तर किलोमागे सरासरी सुमारे १.३५ डॉलर पडतात. परदेशातील दुकानात हळदीची लहानशी बाटली काय भावाने विकली जाते, हे तेथे राहणाऱ्या कोणत्याही नातेवाइकास विचारावे. मधले अंतर कोणाच्या पदरात पडते, याचा उलगडा आपोआप होईल.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपल्याकडे नावाची उणीव नाही. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीस २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये आणि हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमासही २०१६ पासून ते आहे. जानेवारी २०२५ मध्ये निजामाबाद येथे राष्ट्रीय हळद मंडळाचे कामकाज सुरू झाले. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि मानांकन मालाला नाव देते, चाचणीत उत्तीर्ण करीत नाही, हे विसरून चालणार नाही.

अडचण नेमकी कोठे आहे?

निर्यात म्हणजे कागदपत्रांचे जंगल, असा एक समज आहे. वस्तुतः तो भाग आता तितका दुर्घट राहिलेला नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून मिळणारा आयात-निर्यात संकेतांक अवघ्या ५०० रुपयांच्या शुल्कात घरबसल्या काढता येतो. हळदीसाठी मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी, फळे व प्रक्रिया केलेल्या पदार्थांसाठी अपेडाची नोंदणी, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना, एवढे झाले की कायद्याने दार उघडते.

खरी अडचण त्या दारापलीकडे असते. माझ्या परिसरातील शेतकऱ्यांच्या एका गटाने काही वर्षांपूर्वी जर्मनीतील एका खरेदीदाराशी पत्रव्यवहार केला. उत्तर लगेच आले, पण त्यात दराची चौकशी नव्हती, प्रश्न होते. हळद कोणकोणत्या गटक्रमांकांच्या शेतांतील आहे? लागवडीपासून काढणीपर्यंत कोणती औषधे, किती व केव्हा फवारली? काढणीनंतर किती दिवसांनी शिजविली? मातीच्या खळ्यावर वाळविली की सिमेंटच्या ओट्यावर? झळाळीसाठी पॉलिश करताना वरून काही लावले काय? या खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल कोठे आहे? पहिल्या प्रश्नाखेरीज एकाचेही लेखी उत्तर त्या गटाजवळ नव्हते आणि पत्रव्यवहार तेथेच थांबला. मनाला लागणारी गोष्ट ही की, हाच गट एका औषधशाळेला वर्षानुवर्षे हळद पुरवीत आला होता आणि त्या औषधशाळेने यांतील एकही प्रश्न त्याला कधी विचारला नव्हता. भाव ठरायचा तो रंग पाहून, हळकुंड मोडून आणि पोत्याचे वजन करून.

परदेशी खरेदीदार हे प्रश्न हौसेने विचारीत नाही. अमेरिकेत २०११ च्या अन्न सुरक्षा कायद्याने परदेशी पुरवठादाराची शहानिशा करण्याची जबाबदारी आयातदारावरच टाकली आहे. युरोपीय संघात हळदीतील अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिनची १० मायक्रोग्रॅम आहे. ओल्या जमिनीवर वाळविलेली किंवा अर्धवट वाळलेली हळद पोत्यात भरली की बुरशी धरते आणि ही मर्यादा ओलांडली जाते. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग व सिंगापूर येथे भारतीय मसाल्यांच्या काही मिश्रणांवर इथिलीन ऑक्साइडच्या कारणावरून कारवाई झाली, तेव्हा मोठमोठ्या उद्योगांचीही धावपळ उडाली. मग पाच-पंचवीस शेतकऱ्यांच्या गटाने एकट्याने काय करावे?

झळाळीचा मोह

शिशाचा प्रश्न तर आपल्या अगदी जवळचा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून हळदपुडीच्या अनेक खेपा शिसे आढळल्याने परत मागविल्या गेल्या. बांगलादेशात स्टॅनफर्ड विद्यापीठ व ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले की, हळद पिवळीधमक दिसावी म्हणून पॉलिशच्या वेळी लेड क्रोमेट हा रंग लावला जात होता. ही रीत १९८० च्या दशकातील पुरानंतर भिजून काळवंडलेल्या हळदीला रूप देण्यासाठी सुरू झाली होती. पुढे तेथील शासनाने गिरण्यांवर कारवाई केली, लोकांना समजावून सांगितले, आणि बाजारातील भेसळयुक्त नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले.

या वृत्तांतात आपल्यासाठी दोन बोध आहेत. पहिला असा की, भेसळीचे मूळ बहुधा ग्राहकाच्या आवडीत असते. जो रंगावरून हळद निवडतो, तो नकळत रंग लावणाऱ्याला बक्षीस देतो. दुसरा बोध आशेचा आहे. खरेदीदार व नियंत्रक यांनी एकाच वेळी आग्रह धरला तर दोन वर्षांत चित्र पालटू शकते.

येथे एक तांत्रिक बाब औषधशाळाचालकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार वनस्पतिद्रव्यांत शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे. युरोपीय संघात मुळे व कंद या वर्गातील मसाल्यांसाठी २०२१ च्या नियमाने ती किलोमागे १.५ मिलिग्रॅम, म्हणजे १.५ पीपीएम ठरविली. म्हणजे ५ पीपीएम शिसे असलेली हळद आपल्या कसोटीवर उत्तीर्ण होईल आणि हॅम्बुर्गला तीच मर्यादेच्या तिपटीहून अधिक ठरून परत येईल. तेव्हा अहवालावर केवळ ‘उत्तीर्ण’ हा शेरा पुरेसा नाही, प्रत्यक्ष आकडा नोंदविलेला हवा. तो आकडाच शेतकऱ्याला सांगेल की त्याचा माल कोणत्या बाजारात जाऊ शकतो.

हे आपल्या शास्त्रात नवे आहे काय?

मालाचा माग ठेवणे ही पाश्चात्त्यांची अट आहे, असे मानून आपल्यापैकी काही जण नाराज होतात. त्यांनी चरकाचार्यांचे कल्पस्थान पुन्हा उघडावे. द्रव्य कोणत्या भूमीतून घ्यावे, कोणत्या ऋतूत घ्यावे, कोणते अंग केव्हा वीर्यवान असते, आणि घेतल्यावर ते धूर, धूळ, ओल व उंदीर यांपासून दूर कसे ठेवावे, याचे विवेचन तेथे आहे. सुश्रुतांनी तर भूमीच्या परीक्षेसाठी सूत्रस्थानात स्वतंत्र अध्यायच योजला. चिकित्सेच्या चतुष्पादांत द्रव्याला स्थान देताना चरकांनी त्याचे जे चार गुण गणले, त्यांत ‘संपत्’ हा एक आहे. द्रव्य आपल्या रस-गुण-वीर्यांनी परिपूर्ण, किडीने वा ओलीने न बिघडलेले असावे, हा त्याचा आशय. जर्मन खरेदीदाराने विचारलेले प्रश्न आणि आपल्या संहितांतील द्रव्यसंग्रहणाचे नियम शेजारी ठेवून पाहावेत. भाषा निराळी आहे, जिज्ञासा एकच आहे.

आपण मात्र अडत्याच्या पोत्यावर विश्वास ठेवून ही जिज्ञासा सोडून दिली. त्याची किंमत आपणही मोजली आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकी वैद्यक संघाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे म्हटले होते. त्या पाहणीवर आपण पुष्कळ वाद घातला आणि त्यांतील काही मुद्दे रास्तही होते. परंतु परिणाम असा झाला की, १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची चाचणी बंधनकारक करावी लागली. जे आपण स्वतःहून करावयास हवे होते, ते आदेशाने करावे लागले.

द्राक्षबागायतदारांचा धडा

हे कार्य अशक्य नाही याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १९९१ मध्ये राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्था ‘महाग्रेप्स’च्या छत्राखाली एकत्र आल्या. पुढे कीटकनाशकांच्या अवशेषांबद्दल युरोपातून तक्रारी आल्या, तेव्हा २००६ मध्ये अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभारली. निर्यातीची प्रत्येक बाग कृषी खात्याकडे नोंदवायची, फवारणीची वही ठेवायची, काढणीपूर्वी त्या बागेतूनच नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासायचा आणि खोक्यावरील क्रमांकावरून बागेपर्यंत माग काढता येईल अशी सोय करायची. २०१० मध्ये चाचणीच्या यादीत नसलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष युरोपात आढळले आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. परंतु व्यवस्था अस्तित्वात होती म्हणून तीत सुधारणा करता आली आणि निर्यात पुन्हा सावरली. नाशिकचा शेतकरी आज अवशेषांची मर्यादा तोंडपाठ सांगतो, ती या शिस्तीमुळे.

जंगलातील द्रव्यांबाबतही असा प्रयत्न झाला आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भीमाशंकर परिसर व उत्तर सह्याद्रीत गोळा होणाऱ्या हिरडा व बेहडा यांना ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्र मिळवून दिले आणि इंग्लंडमधील पुक्का हर्ब्ज ही कंपनी त्यांची ग्राहक झाली. किती फळे काढावीत, किती झाडावर सोडावीत, गोळा करणाऱ्यास रास्त मोबदला कसा पोचावा, हे या प्रमाणपत्रात बांधून दिलेले असते. ज्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो, ते वृक्ष तोडण्यापेक्षा राखणे गावकऱ्यांना लाभाचे ठरू लागले. आपल्या त्रिफळेतील दोन द्रव्यांची ही कथा आपल्याला मात्र फारशी ठाऊक नाही.

औषधशाळांनी काय करावे?

माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी तातडीने करता येतील.

पहिली गोष्ट, वर्षाच्या गरजेपैकी काही भाग तरी शेतकऱ्यांच्या गटाकडून थेट घ्यावा आणि तो लागवडीपूर्वी लेखी मागणीने ठरवावा. हळदीची लागवड अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू होते. मागणीपत्र त्याआधी हाती पडले तर शेतकरी नोंदवही ठेवील. माल तयार झाल्यावर वही मागण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक शेताचा वा गटाचा माल वेगळा ठेवावा. निरनिराळ्या शेतांतील हळकुंडे एका ढिगात मिसळली की अहवाल कोणाचाच राहत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. शेड्यूल ‘टी’ नुसार कच्च्या द्रव्याची तपासणी व नोंद आपल्याला करावीच लागते. त्या अहवालाची एक प्रत ज्याचा माल आहे त्याला द्यावी. आपल्या फाइलमध्ये बंद राहणारा हा कागद शेतकऱ्याच्या हाती पडला, तर आपला माल कोठे उणा पडतो हे त्याला प्रथमच कळेल. आर्द्रता अधिक निघाली तर तो वाळवणीसाठी ताडपत्री वा ओटा करील. शिसे निघाले तर पॉलिशच्या ठिकाणी विचारणा करील. निर्यातीसाठी पुढे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील कीटकनाशक अवशेष व अफ्लाटॉक्सिन यांच्या निराळ्या चाचण्या लागतीलच. परंतु चाचणीचा निकाल वाचण्याची सवय आधी लागली पाहिजे.

चौथी गोष्ट, उत्तम अहवालाला अधिक दर द्यावा, मग तो किलोमागे दोन रुपये का असेना. शुद्धतेला भाव नसेल तर शुद्धतेचा उपदेश व्यर्थ आहे.

लहान औषधशाळा म्हणतील की हा खर्च आम्हांस परवडणारा नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हे काम एकट्याने नव्हे, तर जिल्हा शाखेमार्फत व्हावे. पाच-सहा औषधशाळांनी एका गटाची एकच खेप मिळून घेतली, एकदाच तपासली आणि वाटून घेतली, तर चाचणीचा भार विभागला जाईल.

वैद्यांनी काय जपावे?

शेतकऱ्यांचे गट व गृहोद्योग चालविणाऱ्या भगिनी आपल्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा सद्भावनेने आपण त्यांच्या वेष्टनासाठी गुणधर्म लिहून देतो. येथे सावध राहावे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने आहारपूरक पदार्थांना वाट मिळाली, पण वेष्टनावर अमुक रोग बरा होतो असे लिहिले की तो पदार्थ कायद्याच्या दृष्टीने औषध ठरतो आणि विनापरवाना औषध म्हणून अडविला जातो. युरोपीय संघात तर २००४ च्या निर्देशानुसार पारंपरिक वनौषधीची नोंदणी होण्यास ३० वर्षांचा वापर दाखवावा लागतो आणि त्यांपैकी सामान्यतः १५ वर्षे युरोपीय संघातील असावी लागतात. ३० एप्रिल २०११ रोजी संक्रमणकाळ संपल्यापासून आपल्या बहुतेक कल्पांना औषध म्हणून ते दार जवळजवळ बंद आहे. मसाला व अन्न म्हणून मात्र हळद, कोकम, आवळा यांना दार उघडे आहे. तेव्हा कोकमाच्या बाटलीवर ‘अम्लपित्तनाशक’ लिहून त्या उद्योजकाचे उघडे दार आपणच लावून घेऊ नये. वेष्टनावर पदार्थाचे नाव, घटक, स्थान, खेपेचा क्रमांक व दिनांक एवढे सत्य लिहावे. तेच त्याच्या हिताचे आहे.

एक गंभीर शंका

निर्यात वाढली तर द्रव्ये महागतील आणि आपल्या रुग्णांना ती दुर्मिळ होतील, ही शंका मला निराधार वाटत नाही. कुटकी व सर्पगंधा यांची वन्य स्थिती आपण जाणतोच. या दोन्ही वनस्पतींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित करावा लागला आहे. म्हणून शेतात पिकणारे द्रव्य व रानातून येणारे द्रव्य यांत भेद केलाच पाहिजे. लागवडीच्या द्रव्याला मागणी वाढली की क्षेत्र वाढते. वन्य द्रव्याला मागणी वाढली की झाड मरते. आपला पाठिंबा पहिल्यास मुक्त आणि दुसऱ्यास केवळ प्रमाणित व मर्यादित संग्रहणापुरता असावा. राहिला दराचा प्रश्न. ज्या शेतकऱ्याला दोन ग्राहक आहेत तो पुढील वर्षीही हळद लावील. ज्याला एकच पडेल भाव ठाऊक आहे तो ऊस लावील. मग स्वस्त हळद कोठून आणणार?

१९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या व्रणरोपण गुणावर एकस्व दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने प्राचीन लिखित पुरावे सादर करून १९९७ मध्ये ते रद्द करविले. त्या विजयाचा अभिमान आपण आजही सांगतो. तो खटला जिंकला गेला, कारण आपल्याकडे लेखी नोंद होती. आज शेतकऱ्याजवळ नेमकी तीच नाही. ती त्याच्याजवळ असावी असे पाहणे, हे त्या अभिमानाला साजेसे काम होईल.

संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने येत्या अक्षय्य तृतीयेपूर्वी आपल्या भागातील एक द्रव्य व शेतकऱ्यांचा एक गट निवडावा, सदस्य औषधशाळांची एकत्र मागणी त्यास लेखी कळवावी आणि हंगामाअखेर चाचणी-अहवालाची प्रत त्याच्या हाती द्यावी, अशी नम्र सूचना मी या लेखाद्वारे करीत आहे. त्यातून वर्षभरात कोणाचा कंटेनर बंदरास लागेलच असे नाही. परंतु परदेशी खरेदीदाराचे पत्र पुन्हा आले, तर सर्व प्रश्नांची उत्तरे देणारी वही तरी त्या गटाजवळ असेल. आणि आपल्या औषधशाळेत येणारी हरिद्रा कोणत्या शिवारातील आहे, हे आपल्यालाही ठाऊक असेल.